लोक बोट दाखवत होते, सावित्रीबाईंनी दार उघडलं

सावित्रीबाई फुले म्हटलं की आपल्याला 1848 ची शाळा, भिडे वाडा आणि अंगावर फेकलेलं शेण आठवतं. 3 जानेवारीला शाळेत तेच भाषण होतं. पण खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या या लेकीनं अजून एक काम केलं. त्यावर कोणी फारसं बोलत नाही. विषय अवघड आहे ना.

त्या काळी ब्राह्मण घरात लहानपणी विधवा झालेल्या मुलीचं दुसरं लग्न होत नसे. कोणी ओळखीचाच पुरुष तिचा गैरफायदा घ्यायचा. दिवस गेले की तो नामानिराळा, आणि कुळाला बट्टा लावला तो हिनं. आपल्या पारावरही असं काही कानावर आलं की पहिला प्रश्न काय, तर ती तिथं गेलीच कशाला. मीही विचारलाय, खोटं कशाला बोलू.

काशीबाई नावाची तरुण विधवा जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एक शास्त्री तिच्या मागं लागला. ती नको नको म्हणत राहिली, शेवटी त्यानं डाव साधला. बाळ झालं. लोक काय म्हणतील या धास्तीनं तिनं ते मारून विहिरीत टाकलं. खटला चालला तो तिच्यावर. जन्मठेप होऊन ती अंदमानला गेली.

फुले पती-पत्नीच्या हे फार जिव्हारी लागलं. 1863 साली त्यांनी पुण्यात स्वतःच्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गावात पत्रकं लावली, की विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर ठेवून जावं. कोणाचं पोर, कसं झालं, ही चौकशी नाही. येणाऱ्या बाईचं सगळं सावित्रीबाई बघायच्या. 1884 पर्यंत अशा 35 जणी आल्या. म्हणजे तेवढ्या विहिरी टळल्या म्हणा.

1874 साली तिथंच जन्मलेलं एका विधवेचं बाळ त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला. लग्नाच्या वेळी मात्र विधवेचं पोर म्हणून त्याला कोणी मुलगी देईना असं सांगतात. 1889 मध्ये सत्यशोधक ससाण्यांच्या लेकीशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी जोतीराव गेले. यशवंतानं टिटवं धरायला भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालू लागल्या.