१२ फेब्रुवारी आणि पाटीलबावा

१२ फेब्रुवारी ही तारीख जगाच्या इतिहासात ओळखली जाते ती चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन यांच्या जन्मामुळे. दोघेही १८०९ साली याच दिवशी जन्मले. मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र या तारखेला याहून निराळा आणि काहीसा चटका लावणारा योग जडलेला आहे. १७४२ साली याच दिवशी साताऱ्यास बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस यांचा जन्म झाला. आणि बरोबर ५२ वर्षांनी, १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, पुण्यालगतच्या वानवडीच्या छावणीत महादजी शिंदे यांनी देह ठेवला. त्या काळी सारा व्यवहार तिथीवर चाले, त्यामुळे हा योग तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही आला नसावा. पण पानिपतानंतरचे मराठी राज्य ज्या दोन खांबांवर उभे राहिले, त्यांतील एकाची जन्मतारीख हीच दुसऱ्याच्या मृत्यूची तारीख ठरावी, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

महादजी हे राणोजी शिंदे यांचे धाकटे चिरंजीव. जन्म १७३० च्या सुमारासचा. घराणे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटलांचे. राणोजी पहिल्या बाजीरावाच्या पदरी अगदी साध्या चाकरीवर होते आणि तेथून कर्तबगारीने माळव्याचे सरदार झाले. बापाच्या आरंभीच्या या चाकरीची महादजींनी कधी लाज बाळगली नाही. उलट पुढे दिल्लीचा बादशहा ज्यांच्या आधारावर तख्तावर टिकून होता त्या महादजींना सर्वांत आवडे ते ‘पाटील’ म्हणवून घेणे. पाटीलबावा हेच त्यांचे लोकांतले नाव.

चिमाबाईंच्या पोटच्या या मुलाच्या वाट्याला सरदारी येईल असे प्रारंभी कोणालाच वाटले नसते. थोरले बंधू हयात होते आणि पुतण्याही कर्ता होता. परंतु शिंद्यांच्या घरावर एकामागून एक घाव पडत गेले. जयाप्पा १७५५ साली नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून मेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर सगळेच संपले. तरुण जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले, सख्खे बंधू तुकोजीही गेले. महादजी घोड्यावरून दक्षिणेकडे निघाले असता एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला आणि पायावर वार करून त्यांना मेलेले समजून सोडून दिले. त्या अवस्थेत त्यांना उचलले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखाल वाहणाऱ्या बैलावर घालून त्याने त्यांना सुखरूप आणले. महादजी त्या दिवसापासून कायमचे लंगडे झाले. पण राणेखानास त्यांनी भाऊ मानले ते जन्मभर. हा भिस्ती पुढे शिंद्यांच्या फौजांचा एक प्रमुख सेनापती झाला आणि दिल्ली परत घेण्याच्या मोहिमेत आघाडीवर होता. उपकाराची फेड अशा रीतीने झाल्याची उदाहरणे मराठी इतिहासात तरी फार नाहीत.

पानिपतावरून जीव वाचवून परतलेल्यांत १८ वर्षांचे नाना फडणवीसही होते. त्यांची आई त्या धामधुमीत नाहीशी झाली. म्हणजे या दोघांच्या आयुष्याच्या मुळाशी एकच जखम होती. पण नानांनी पुण्यात बसून राज्य सांभाळण्याचा मार्ग धरला, तर महादजींचे चित्त दिल्लीकडे लागून राहिले.

सरदारीसाठी महादजींना पानिपतानंतरही सात वर्षे झगडावे लागले. रघुनाथरावांचा कल अन्य दावेदारांकडे होता. अखेर थोरल्या माधवरावांनी माणूस पारखला आणि १७६८ मध्ये सरदारी महादजींकडे आली. पुढील तीन वर्षांतच, १७७१ च्या फेब्रुवारीत, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. अलाहाबादेस इंग्रजांच्या छायेखाली बसलेल्या शाहआलम बादशहास मराठ्यांनी जानेवारी १७७२ मध्ये त्याच्या राजधानीत आणून बसवले. त्यानंतर रोहिलखंडावर चाल करून नजीबखानाच्या वंशजांचा पत्थरगड उद्ध्वस्त करण्यात आला. पानिपतास जेमतेम ११ वर्षे झाली होती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात माधवराव गेले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. बारभाईंच्या कारस्थानात नाना आणि महादजी प्रथमच खऱ्या अर्थाने एकत्र आले. रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज सैन्याला वडगावपाशी जानेवारी १७७९ मध्ये कोंडीत पकडण्यात आले तेव्हा रणातील सूत्रे महादजींकडे होती आणि मागील सारा बंदोबस्त नानांचा होता. वाटेतील दाणागोटा, चारापाणी नष्ट करून तळेगावपर्यंत आलेली पलटण उपाशी पाडण्यात आली. इंग्रजांवर शरणागतीचा तह करण्याची पाळी आली, तसे प्रसंग त्यांच्या हिंदुस्थानातील कारकिर्दीत थोडेच आहेत. मात्र महादजींच्या ताब्यात दिलेले रघुनाथराव वाटेतून निसटले आणि युद्ध पुन्हा पेटले. त्यात महादजींनाही झळ बसली. १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅमने ग्वाल्हेरचा अभेद्य मानलेला किल्ला रातोरात शिडी लावून घेतला. शेवटी १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण रघुनाथरावांचा पक्ष त्यांनी सोडला आणि या तहाच्या पालनास महादजी स्वतः जामीन राहिले. पेशव्यांचा सरदार आता उभय पक्षांचा हमीदार झाला होता. नानांच्या मनात पहिली अढी पडली ती येथे. तहावर पुण्याची मोहोर उठण्यास १७८३ साल उजाडले.

सालबाईने महादजींना उत्तरेत मोकळा हात मिळाला. त्याचा उपयोग त्यांनी कसा केला, यातच त्यांची खरी थोरवी आहे. इंग्रजांशी लढताना कवायती पायदळ आणि शिस्तीचा तोफखाना काय करू शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १७८४ साली त्यांनी सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या बन्वा द ब्वान्य या सेनाधिकाऱ्यास चाकरीस घेतले. मराठी कागदांत हा गृहस्थ डिबॉईन म्हणून येतो. दोन पलटणींपासून सुरुवात झाली आणि काही वर्षांत तिचे तीन कंपू झाले. आग्र्यास तोफा ओतण्याचे व बंदुका घडवण्याचे कारखाने निघाले. शिपायांचा पगार वेळेवर निघावा म्हणून दोआबातील मुलूख डिबॉईनला लावून देण्यात आला. मराठी फौजेचे दुखणे शौर्याच्या अभावाचे नसून थकलेल्या पगाराचे होते, हे ओळखणारा सरदार त्या काळी दुसरा दिसत नाही. या डिबॉईनने मायदेशी परतल्यावर मोठी संपत्ती दानधर्मात घातली. त्याच्या शाम्बेरी गावात आजही त्याचे स्मारक म्हणून चार ओतीव लोखंडी हत्तींचे कारंजे उभे आहे.

१७८४ च्या अखेरीस बादशहाने वकील-ए-मुतलक हे पद पेशव्यांना आणि त्यांचे नायब म्हणून महादजींना दिले. म्हणजे मोगली सल्तनतीचा सर्व कारभार व्यवहारात शिंद्यांच्या हाती आला. पण हाती आली ती रिकामी तिजोरी आणि चहूकडे असंतुष्ट उमराव. १७८७ च्या जुलैत जयपूर-जोधपूरच्या फौजांशी लालसोटजवळ गाठ पडली. ऐन वेळी बादशाही पलटणी फितूर होऊन शत्रूस मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. दिल्ली हातची गेली. नजीबखानाचा नातू गुलाम कादर याने ती बळकावून १० ऑगस्ट १७८८ रोजी वृद्ध शाहआलमचे डोळे काढले. महादजींनी पडते दिवस काढले, पण ती दोन वर्षे त्यांनी वाया घालवली नाहीत. ऑक्टोबरात त्यांच्या फौजांनी दिल्ली परत घेतली, आंधळ्या बादशहास पुन्हा तख्तावर बसवले आणि गुलाम कादरला पकडून देहान्त दिला. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे डिबॉईनच्या कंपूंनी लालसोटची भरपाई केली. या साऱ्या मोहिमांत जिवबादादा केरकर, लखबादादा लाड, अंबूजी इंगळे अशी माणसे त्यांनी हाताशी धरली होती. जिवबादादा हे मूळचे गोव्याच्या पेडणे भागातील.

शत्रूंपेक्षा महादजींना पुण्याशी चाललेल्या पत्रव्यवहाराने अधिक थकवले. नाना उत्तरेच्या वसुलाचा हिशेब मागत आणि महादजी फौजेच्या खर्चासाठी पैसा मागत. लालसोटनंतर नानांनी अलीबहाद्दर व तुकोजी होळकर यांना उत्तरेत पाठवले खरे, पण त्यांच्याकडून मदतीपेक्षा पायबंदच अधिक झाला. १७८९ साली मथुरेस महादजी मोठ्या आजारात पडले. हिंमतबहाद्दर गोसाव्याने जादूटोणा केल्याचा त्यांना संशय आला, तर हा गोसावी जाऊन बसला तो अलीबहाद्दरच्या आश्रयाला! एका राज्याचे दोन सरदार एका गोसाव्यावरून महिनोन्महिने अडून राहिले. दोष कोणाचा, यावर इतिहासकारांचे एकमत होणे कठीण. नानांची बाजूही पोकळ नव्हती. म्हैसूर आणि निजाम ही दोन राज्ये दाराशी असताना दिल्लीच्या वैभवासाठी पुण्याचा खजिना किती ओतावा, हा प्रश्न त्यांनी विचारणे गैर म्हणता येणार नाही.

जून १७९२ मध्ये महादजी तब्बल बारा वर्षांनी पुण्यास आले. वकील-ए-मुतलकीची वस्त्रे सवाई माधवरावांस समारंभाने द्यायची हे निमित्त होते. नानांनी हरकत घेतली ती मुद्द्याची होती. पेशवे हे सातारकर छत्रपतींचे प्रधान, त्यांनी मोगलांची वस्त्रे घ्यावीत कशी? अखेर साताऱ्याची परवानगी आणवण्यात आली आणि २२ जून रोजी मोठ्या थाटात समारंभ पार पडला. त्यापूर्वीच्या भेटीचा प्रसंग इंग्रज इतिहासकारांनीही आवर्जून नोंदवला आहे. महादजी हत्तीवरून दूरच उतरले, सर्व मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले आणि बोलावणे येताच बगलेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांशी ठेवले. हे ढोंग होते असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण ढोंग म्हटले तरी त्यामागे एक धोरण होते. नव्या जगाची फौज बाळगणारा हा सरदार जुन्या चौकटीला उघड धक्का देऊ इच्छित नव्हता.

१८ वर्षांच्या सवाई माधवरावांना नानांच्या करड्या शिस्तीतून प्रथमच मोकळा वारा मिळाला. शिकार, घोडदौड, उत्तरेच्या गोष्टी यांत हा तरुण पेशवा रमला. नानांना चिंता वाटू लागली. कारभार सोडून काशीस जाण्याची भाषा त्यांनी काढली. हरिपंत फडके यांसारख्यांनी मध्यस्थी केली. त्याच सुमारास, १ जून १७९३ रोजी, लाखेरीच्या खिंडीत शिंद्यांच्या कंपूंनी होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला. ज्या कवायती सैन्याची तयारी इंग्रजांवरील उपाय म्हणून झाली होती, ते मराठ्यांवरच चालले, ही या चरित्रातील सर्वांत दुःखद बाब. महादजी तेव्हा पुण्यातच होते.

याच पाटीलबावांनी अभंग रचले, कृष्णभक्तीत रात्री घालवल्या आणि बीडच्या मन्सूरशाह फकिरांना गुरुस्थानी मानले, हेही सांगायला हवे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने याच काळात पुण्यात त्यांचे आणि नानांचे चित्र काढले.

फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीच्या तळावर ज्वराचे निमित्त झाले आणि १२ तारखेस सारे आटोपले. नानांकडे संशयाचे बोट दाखवणाऱ्या वदंता पुढे उठल्या, पण त्यांना आधार नाही. महादजींना पुत्र नव्हता. तुकोजींचे नातू दौलतराव, वय जेमतेम १५, त्यांच्या जागी आले. हरिपंत त्याच वर्षी गेले. १७९५ च्या ऑगस्टमध्ये अहल्याबाई, ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले आणि तेवढ्यातच डिबॉईनही चाकरी सोडून चालता झाला. १७९७ सरता सरता दौलतरावांच्या माणसांनी नानांना दग्याने कैद केले. महादजी असते तर ते नानांशी भांडले असते, पण ही गोष्ट त्यांच्या हातून घडली नसती, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. सुटकेनंतर नाना फार काळ राहिले नाहीत. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. १८०३ मध्ये दिल्ली, असई आणि लासवारी येथे शिंद्यांचे कंपू इंग्रजांसमोर उभे ठाकले. असईच्या मैदानावर त्या तोफांनी इंग्रजांची जी हानी केली, ती वेलिंग्टन वॉटर्लूनंतरही विसरला नव्हता.

वानवडीत दहन झाले त्या जागी आज शिंदे छत्री उभी आहे. तेथील शिवमंदिर महादजींच्या हयातीतच हाती घेतले गेले होते. वरची देखणी वास्तू विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरकरांनी बांधली.