केशवराव भोसले

केशवराव विठ्ठल भोसले (जन्म : कोल्हापूर, ९ ऑगस्ट १८९०, मृत्यू : ४ ऑक्टोबर १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि ललितकलादर्श या नाटक मंडळीचे संस्थापक होते. रसिकांनी त्यांना 'संगीतसूर्य' ही उपाधी दिली. अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यातील जवळजवळ सर्व काळ त्यांनी रंगभूमीवर घालवला. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या 'मानापमान' नाटकाच्या संयुक्त प्रयोगात ते बालगंधर्वांसमवेत उभे राहिले. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात या एका रात्रीइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रयोगाची झाली असेल.

बालपण आणि स्वदेशहितचिंतक मंडळी

केशवरावांचा जन्म सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. घरच्या हलाखीमुळे शाळेचे शिक्षण जवळपास झालेच नाही. अगदी लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटक मंडळी हे मुलांच्या दृष्टीने एकाच वेळी घर, शाळा आणि नोकरी असे. जेवण-कपडा मंडळीकडून मिळे, तालीममास्तर गाणे आणि भाषणे पाठ करून घेत, आणि बिऱ्हाड गावोगाव हलत राही. आवाज फुटेपर्यंत मुलाची किंमत, आवाज फुटला की ती संपली, असा या व्यवसायाचा निष्ठुर नियम होता. केशवराव त्यातून तरले, हे त्यांच्या गळ्याच्या कसाबरोबरच त्यांच्या मेहनतीचेही द्योतक म्हणावे लागेल.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांना किशोरवयातच कीर्ती मिळवून दिली. वृद्धाशी लग्न ठरलेल्या बालिकेची ही व्यथा त्याच वयाच्या मुलाच्या तोंडून, चढ्या आणि धारदार आवाजात ऐकताना प्रेक्षक हेलावून जात. शारदेची भूमिका आणि केशवराव हे समीकरण त्यानंतर अनेक वर्षे टिकून राहिले.

ललितकलादर्श

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांना १८वे वर्ष चालू होते. कर्नाटकातील हुबळी-धारवाडचा मुलूख मराठी संगीत नाटकांवर लुब्ध होता. नव्या मंडळीने तेथे जम बसवला आणि मग पुण्या-मुंबईकडे मोर्चा वळवला.

गायनाची तालीम त्यांना रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून मिळाली. ग्वाल्हेर परंपरेतील वझेबुवांचे गाणे आक्रमक, लयीशी झुंजणारे होते. केशवरावांच्या स्वभावाला ते मानवले. उंच स्वरात गाणे, जलद आणि पेचदार तान, पदाला दिलेला बैठकीच्या गाण्याचा विस्तार ही त्यांच्या गायकीची ठळक वैशिष्ट्ये होती. ललितकलादर्शच्या अनेक नाटकांच्या चालीही वझेबुवांच्याच होत्या. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले आणि केशवरावांचे वझेबुवा यांच्या तालमींतील फरक पुढे रंगमंचावरच प्रेक्षकांना ऐकायला मिळाला.

नाटके निवडतानाही केशवरावांनी धाडस दाखवले. हिराबाई पेडणेकर यांचे 'दामिनी' हे नाटक त्यांनी १९१२ मध्ये रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषांनीच करण्याच्या काळात एका स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक मंडळीने करणे ही साधी गोष्ट नव्हती. वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' त्यांनी गाजवले. मामा वरेरकर यांच्या 'हाच मुलाचा बाप' या नाटकाने हुंड्याचा प्रश्न मांडला, तर 'संन्याशाचा संसार'ने (१९१९) धर्मांतराचा. पौराणिक आणि अद्भुतरम्य कथानकांना सरावलेल्या संगीत नाटकाला चालू काळाच्या प्रश्नांकडे नेण्यात ललितकलादर्शचा वाटा मोठा आहे. केशवरावांच्या गायनाच्या तेजामुळे त्यांच्या या कामगिरीकडे काहीसे दुर्लक्ष होते. याच काळात ते स्त्रीभूमिकांकडून पुरुष भूमिकांकडे वळले.

संयुक्त मानापमान

लोकमान्य टिळक यांचे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या नावाने उभारलेल्या स्वराज्य फंडासाठी ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प काँग्रेसने बेझवाडा येथील बैठकीत केला. देशभर वर्गणी गोळा होऊ लागली. मराठी रंगभूमीने आपला वाटा उचलला तो प्रयोगाच्या रूपाने.

सार्वजनिक कार्यासाठी खेळ लावून त्याचे उत्पन्न देण्याची प्रथा नाटक मंडळ्यांना नवी नव्हती. युरोपातही संगीताचा असा उपयोग होत होताच. १७५० पासून हेंडेल या संगीतकाराने लंडनच्या अनाथ बालकांच्या संस्थेसाठी आपल्या 'मेसाया' या रचनेचे प्रयोग केले होते. केशवरावांचे समकालीन डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर हे आफ्रिकेतील लांबारेने गावच्या आपल्या रुग्णालयाचे कर्ज फेडण्यासाठी १९२० च्या सुमारास स्वीडनमध्ये ऑर्गनवादनाच्या मैफली करीत होते. मुंबईच्या प्रयोगात वेगळेपण होते ते असे, की येथे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एकाच नाटकात नायक-नायिका म्हणून उतरणार होते.

नाटक निवडले गेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान'. खाडिलकर हे टिळकांचे निकटचे सहकारी. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने ते प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हापासून त्यातील भामिनी ही बालगंधर्वांची हुकमी भूमिका होती. संगीत कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांचे. धनिकाची मुलगी भामिनी शूर पण निर्धन सेनापती धैर्यधराला तुच्छ लेखते आणि पुढे वेष पालटून त्याच्याजवळ गेल्यावर त्याच्या गुणांनी जिंकली जाते, असे त्याचे कथानक आहे. धैर्यधराची भूमिका केशवरावांकडे आली.

त्यांच्या दृष्टीने हा जोखमीचा मामला होता. नाटक बालगंधर्वांच्या घरचे, भामिनीच्या पदांची प्रेक्षकांना जणू पारायणे झालेली, आणि श्रोत्यांत गंधर्वभक्तांचा भरणा. एका रात्रीत तुलना होणार आणि ती कायमची चिकटणार, याची जाणीव दोन्ही बाजूंना होती. काही उणे पडले असते तर ललितकलादर्शच्या नावाला धक्का बसला असता.

प्रयोग ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात झाला. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे असूनही नाट्यगृह तुडुंब भरले आणि एका रात्रीचे उत्पन्न १६ हजार रुपयांच्या वर गेले. केशवरावांनी वीररसाची पदे चढ्या पट्टीत, तानांच्या जोरकस फेकीने गायली. बालगंधर्वांनी आपल्या मृदू, भावपूर्ण गायकीने त्यांना उत्तर दिले. कोण सरस ठरले, यावर पुढे दोन पक्ष पडले आणि तो वाद जाणकारांत कित्येक वर्षे चालू राहिला. त्या वादाला फारसा अर्थ नाही, कारण दोघांची गायकी दोन वेगळ्या प्रकृतींची होती आणि नाटकातील दोन्ही पात्रांना ती आपापल्या परीने शोभणारी होती. यानंतर 'सौभद्र' नाटकाचाही संयुक्त प्रयोग झाला.

अखेर

या प्रयोगानंतर तीन महिनेही पुरते लोटले नव्हते, तोच केशवराव विषमज्वराने आजारी पडले. दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा हा ताप त्या काळी गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या नाटक मंडळ्यांच्या पाठीशी सतत असे. त्यावर गुणकारी प्रतिजैविक उपलब्ध होण्यास अजून पाव शतकाहून अधिक काळ जायचा होता. रोग्याला पथ्यावर ठेवणे, शुश्रूषा करणे आणि ताप उतरण्याची वाट पाहणे, एवढेच वैद्य-डॉक्टरांच्या हाती होते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. यशवंत नारायण टिपणीस यांचे 'शहा शिवाजी' हे त्यांच्या अखेरच्या काळातील नाटक होय.

मंडळी मात्र बंद पडली नाही. बापूराव पेंढारकर यांनी तिची धुरा सांभाळली आणि १९३७ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत ती चालवली. पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्शला पुन्हा उभे केले.

कोल्हापुरातील स्मारक

कोल्हापूर संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू महाराज हे संगीत आणि नाट्य या दोहोंचे आश्रयदाते होते. अल्लादियाखाँसारखे गायक त्यांच्या दरबारी होते. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोममधील प्राचीन आखाडा पाहून त्यांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर बांधवले. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या या नाट्यगृहाला नंतर केशवरावांचे नाव देण्यात आले. संगीत नाटकाचा बहर ओसरल्यावरही कोल्हापूरकरांच्या तोंडी ते नुसते 'केशवराव' याच नावाने राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, लागलेल्या आगीत ही वास्तू आणि खासबाग मैदानालगतचा भाग जळाला. दुसऱ्या दिवशी जयंतीसाठी जमणारे रंगकर्मी जळालेल्या इमारतीसमोर उभे होते. त्यानंतर नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.