जुन्नरचे एसेम आणि आमचं बंद पडलेलं मंडळ

आधीच कबूल करतो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होती, पण आठवड्यातून चार तास आणि शंभर मार्कांपुरती. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी काय झालं ते होस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. बक्षिसावरून दोन ग्रुपची बाचाबाची झाली, खुर्च्या फेकल्या गेल्या, नोटीस बोर्डाची काच फुटली. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली आणि सगळी विद्यार्थी मंडळं पुढील आदेशापर्यंत स्थगित झाली. त्यात आमचं वाङ्मय मंडळही गेलं. मी त्याचा सेक्रेटरी. मंडळ पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन पानं लिहिली. एका वाक्यात सांगायचं तर, चूक दुसऱ्यांची आणि शिक्षा आम्हाला.

त्याच सुट्टीत कळंबला घरी गेलो होतो. आजोबांना अर्ज वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. कपाटातून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक काढून दिलं. एस. एम. जोशी यांचं आत्मचरित्र, ‘मी एस. एम.’ हा माणूस आपल्या जुन्नरचा, एवढंच म्हणाले. कळंबहून नारायणगाव आणि तिथून जुन्नर, एसटीने तासाभराचा रस्ता. शिवनेरीमुळे जुन्नर माहीत होतं, पण एसेम म्हणजे माझ्यासाठी पुण्यातल्या एका पुलाचं नाव होतं.

श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ चा, जुन्नरचा. लहानपणीच वडील गेले. घरची गरिबी. पुण्यात शिकले, फर्ग्युसन कॉलेजात गेले. कॉलेजच्या वयातच यूथ लीगच्या कामात पडले. १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, त्यात ते होते. सत्याग्रहींवर दगड पडले. स्वतःच्या जातीतले लोक विरोधात असताना त्यांनी बाजू घेतली ती आत येऊ न दिलेल्यांची. तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे.

पुढचं वाचताना मला जाणवलं की एसेमांचं आयुष्य म्हणजे संघटनांवरच्या बंदीचाच इतिहास आहे. १९३० च्या सत्याग्रहात काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरल्या. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर ती बंदी उठली. जानेवारी १९३२ मध्ये पुन्हा आली, १९३४ मध्ये पुन्हा उठली. या काळात एसेम तुरुंगात जात होते, बाहेर येत होते. बाहेर आल्यावर आता काय करायचं हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही, कारण काम तेच होतं. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९३९ साली त्यांचं लग्न झालं. ताराबाई शिक्षिका होत्या आणि संसार बराचसा त्यांच्या पगारावर चालला. एसेमांच्या चरित्रात ही बाजू नेहमी मागे राहते, म्हणून मुद्दाम लिहितो.

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल सुरू झालं आणि एसेम दलप्रमुख झाले. शाखेत सगळ्या जातिधर्मांची मुलं-मुली एकत्र खेळायची, गाणी म्हणायची. वर्षभरात ‘चले जाव’ची चळवळ आली. समाजवादी पक्षावर बंदी आली, सेवा दलाचे अनेक सैनिक चळवळीत उतरले. एसेम भूमिगत झाले. दाढी वाढवून, इमाम अली या नावाने मुसलमानी वेशात ते मुंबईत वावरत होते. १९४३ साली पकडले गेले, १९४६ साली सुटले. त्याच वर्षी पक्षावरची बंदीही उठली. चार वर्षं संघटना कागदावर नव्हती, पण माणसांत होती. म्हणून बंदी उठल्यावर ती लगेच उभी राहिली.

आता सगळ्यात मोठा भाग. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एसेम सरचिटणीस. कम्युनिस्ट, शेकाप, प्रजासमाजवादी, रिपब्लिकन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक त्यांनी एकत्र धरून ठेवले. गोळीबारात शंभराहून जास्त माणसं मेली होती, लोकांच्या मनात राग होता. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. वाटेवर हजारो लोक काळी निशाणं घेऊन उभे होते. एक दगड जरी पडला असता तरी समितीला बदनाम करायला निमित्त मिळालं असतं. निदर्शनं शांततेत पार पडली. इथे मी पुस्तक मिटलं आणि आमची नोटीस बोर्डाची काच आठवली. हजारो माणसं आणि एक दगड नाही. आम्ही दीडशे जण होतो.

महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. एसेम १९६७ मध्ये पुण्यातून लोकसभेवर गेले, पण मंत्री कधीच झाले नाहीत. १९७५ ला आणीबाणी आली. सव्वीस संघटनांवर बंदी आली, दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचा अध्यक्षसुद्धा तुरुंगात गेला. सत्तरी ओलांडलेले एसेम विरोधी पक्षांना एकत्र आणण्यासाठी धडपडत राहिले. मार्च १९७७ मध्ये बंदी उठली, जनता पक्ष सत्तेवर आला, आणि हे राज्यातल्या पक्षाचे अध्यक्ष असूनही खुर्चीपासून लांब राहिले.

शेवटची गोष्ट विद्यापीठाची. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दंगली पेटल्या. दलितांची घरं जळाली. एसेम नामांतराच्या बाजूने लोकांना समजवायला गेले. औरंगाबादला त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घालण्यात आला. तरी त्यांनी बाजू सोडली नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ते बघायला एसेम नव्हते. १ एप्रिल १९८९ ला कॅन्सरने ते गेले होते.

आपल्या राज्यात कॉलेजच्या खुल्या निवडणुका हाणामाऱ्यांमुळेच बंद झाल्या. १९९४ च्या कायद्याने मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. आम्हाला हक्क द्या असं आपण म्हणतो ते बरोबरच आहे. चार जणांच्या चुकीसाठी सगळी मंडळं बंद करणं मला आजही पटत नाही. पण हक्क मागणाऱ्याने आपला हिशोब आधी द्यावा, हे मी एसेमांकडून शिकलो.

होस्टेलवर परत आल्यावर अर्ज फाडला आणि नवा लिहिला. पहिल्या परिच्छेदात आमची चूक. पहिली खुर्ची माझ्या रूम पार्टनरने फेकली होती. मी शेजारी उभा होतो आणि चौकशीत काही पाहिलं नाही असं सांगितलं होतं. माझं खोटं मी लिहिलं. त्याचं नाव त्याने स्वतःच लिहून खाली सही केली. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं, मग तो आपणहून आला. दुसऱ्या परिच्छेदात काचेचे आणि खुर्च्यांचे पैसे वर्गणी काढून भरतो असं लिहिलं. मागणी शेवटी, तीन ओळींत.

हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही. कदाचित आम्हा दोघांवर कारवाईही होईल. दरम्यान दर बुधवारी जेवणानंतर मेसमध्ये आम्ही सात-आठ जण बसतो आणि एकेक पुस्तक वाचतो. रेक्टर सरांना विचारून बसतो. बॅनर नाही, पदाधिकारी नाहीत, मंडळाचं नावही नाही. ज्याला यायचं त्याने यावं, फक्त आपलं ताट धुऊन यावं.