जिम ग्रे

जेम्स निकोलस ऊर्फ जिम ग्रे (जन्म: १२ जानेवारी १९४४, बेपत्ता: २८ जानेवारी २००७) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. अनेक संगणकांवर विभागलेला व्यवहार एकतर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, यासाठीच्या पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

जीवन
ग्रे यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६९ साली डॉक्टरेट मिळवली. तेथील संगणकशास्त्र विभागाची ती पहिली डॉक्टरेट होती. पुढे त्यांनी आयबीएम, टँडम आणि डिजिटल या कंपन्यांत, तर १९९५ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये संशोधन केले.

कार्य
एका बँकेच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या बँकेत जमा होण्यापूर्वीच तेथील संगणक बंद पडला, तर हिशेब बिघडतो. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात ग्रे यांनी यावरील द्विटप्पी पद्धत विशद केली. पहिल्या टप्प्यात समन्वयक सर्व संगणकांना तयारी विचारतो. प्रत्येक संगणक आपली तयारी कायमस्वरूपी नोंदवहीत (लॉगमध्ये) लिहून होकार देतो. सर्वांचे होकार आल्यावर समन्वयक निर्णय नोंदवून कळवतो. एकाचाही नकार आल्यास व्यवहार रद्द होतो. मात्र होकारानंतर समन्वयकच बंद पडल्यास इतरांना निर्णयाची वाट पाहावी लागते आणि तोवर संबंधित नोंदी अडकून राहतात. म्हणूनच सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये समन्वयकाची नोंदवही सामायिक डिस्कवर ठेवतात. एक सर्व्हर पडला तरी दुसरा ती वाचून अपुरे व्यवहार निकाली काढतो.

टँडमच्या ग्राहकांकडील बिघाडांचा ग्रे यांनी अभ्यास केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार सर्वाधिक, म्हणजे ४२ टक्के बिघाड यंत्रणेची देखभाल, मांडणी आणि हाताळणी यांतून उद्भवले होते. यंत्रभागांतील दोषांचा वाटा त्याहून बराच कमी होता. यंत्रणा सांभाळण्याचे काम शक्य तितके सोपे असावे, हा त्याचा निष्कर्ष आजही मार्गदर्शक ठरतो. अँड्रियास रॉयटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला व्यवहार-प्रक्रियेवरील ग्रंथ प्रमाण मानला जातो. उत्तरायुष्यात त्यांनी खगोलशास्त्रज्ञांसाठी आकाश-सर्वेक्षणाचा प्रचंड विदासाठा सर्वांना खुला करण्याचे काम केले.

अखेर
आईची रक्षा समुद्रात विसर्जित करण्यासाठी २८ जानेवारी २००७ रोजी ते 'टेनेशस' या नौकेतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोध घेतला. हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहांची छायाचित्रे तपासली. नौका सापडली नाही. २०१२ साली न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.