नटाचं पॅराशूट

‘नट’ म्हटलं की आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या डोळ्यांसमोर आधी बोल्ट येतो. पण मी आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो रंगमंचावरचा नट. ग्लेब कोटेलनिकोव, जन्म ३० जानेवारी १८७२, सेंट पीटर्सबर्ग, रशिया. पाठीवर बांधायच्या पॅराशूटचा जनक म्हणून त्याच्या देशात त्याचं नाव घेतात. आणि हे पॅराशूट त्यानं बनवलं तेव्हा तो पोटापाण्यासाठी नाटकात कामं करत होता!

पॅराशूट म्हटलं की आपण कापडाचाच विचार करतो. व्यास किती, ड्रॅग किती, टर्मिनल व्हेलॉसिटी किती... फ्लुइड मेकॅनिक्समध्ये यावर गणितंही सोडवतो. पण ते एवढं मोठं कापड लहानशा पिशवीत कोंबायचं कसं, आणि नेमक्या क्षणी ते गुंता न होता बाहेर काढायचं कसं, हे गणित सिलॅबसमध्ये नाही. ज्यानं एकदा तरी ट्रेकवरून निघताना तंबू परत त्याच्याच पिशवीत घालायचा प्रयत्न केलाय, त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. आदल्या दिवशी दुकानातून आला तेव्हा बसलेला तंबू दुसऱ्या दिवशी सकाळी काही केल्या बसत नाही! आता कल्पना करा, की त्या घडीवर तुमचा जीव अवलंबून आहे.

कापडाचा प्रश्न तसा खूप आधी सुटला होता. २२ ऑक्टोबर १७९७ ला पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ नावाच्या फ्रेंच माणसानं बलूनमधून पॅराशूटनं उतरून दाखवलं होतं. पण त्याची छत्री बलूनखाली आधीच लोंबत ठेवलेली, म्हणजे घडीचा फारसा सवालच नव्हता. पुढं जर्मनीच्या केट पाउलुसनं पिशवीत घडी केलेलं पॅराशूट वापरून बलूनवरून उड्यांचे खेळ केले. म्हणजे घडी आली, पण पिशवी बलूनला अडकवलेली आणि माणसाच्या वजनानं कापड बाहेर ओढलं जायचं. बलून संथ, वर मोकळं आकाश, त्यामुळे हे जमून जायचं.

मग विमानं आली आणि सगळंच अवघड झालं. विमानात मागे शेपूट, बाजूला तारा, पुढे किंवा मागे पंखा. लोंबती छत्री ठेवायची कुठे? काही लोकांनी ती मिटलेल्या लांब छत्रीसारखी विमानाच्या सांगाड्याला बांधून पाहिली. पण विमानच मोडलं तर? हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नव्हता असं मला वाटतं, नाहीतर तशी डिझाइन्स कागदावरच राहिली असती.

कोटेलनिकोवनं तो विचारला, कारण त्यानं तसं घडताना डोळ्यांनी पाहिलं.

त्याचे वडील मेकॅनिक्स आणि गणिताचे प्राध्यापक, घरात नाटक-संगीताची आवड. पोरगा व्हायोलिन वाजवायचा, हातानं काहीबाही बनवत बसायचा. वडील गेल्यावर पैशांची ओढाताण सुरू झाली आणि तो लष्करी शाळेत गेला. १८९४ मध्ये किएव्हच्या लष्करी शाळेतून बाहेर पडून त्यानं तीनेक वर्षं नोकरी केली, पण मन रमलं नाही. मग अबकारी खात्यात कारकुनीछाप सरकारी नोकरी, गावोगावी बदल्या. १९१० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बायकामुलांची जबाबदारी डोक्यावर असताना हा गडी राजधानीत परतला आणि चक्क नाटक मंडळीत शिरला! ग्लेबोव-कोटेलनिकोव हे त्याचं रंगमंचावरचं नाव. आपल्याकडे अशा माणसाला नातेवाईकांनी काय काय ऐकवलं असतं, ते सांगायला नको.

त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गला विमानोड्डाणाचा मोठा उत्सव भरला होता. जुन्या रशियन कॅलेंडरनुसार २४ सप्टेंबर, आपल्या कॅलेंडरनुसार ७ ऑक्टोबर १९१०. कॅप्टन लेव मात्सीयेविच हा नौदलाचा इंजिनिअर फार्मान बनावटीचं विमान घेऊन चढला. थोड्याच दिवसांपूर्वी त्यानं पंतप्रधान स्तोलिपिनला विमानातून फिरवून आणलं होतं. सुमारे ४०० मीटरवर असताना विमान हवेतच मोडलं. त्या काळी सीटला पट्टे नसत. मात्सीयेविच विमानातून सुटला आणि हजारो प्रेक्षकांसमोर वेगळाच खाली आला. रशियात विमान अपघातात गेलेला तो पहिला वैमानिक. गर्दीत कोटेलनिकोव उभा होता.

मात्सीयेविच विमानापासून सुटा होऊन पडला, हे मला या घटनेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विमानाला बांधलेलं कोणतंही पॅराशूट त्याच्या उपयोगाचं नव्हतं. पॅराशूट माणसाच्या अंगावरच हवं, सतत हवं, आणि ते विमानाच्या मदतीशिवाय उघडायला हवं. एकदा ही अट लिहिली की पुढचा सगळा प्रॉब्लेम पॅकिंगचा होतो. अंगावर घेऊन बसता येईल एवढंसं गाठोडं, आणि त्यात माणसाला तोलणारी छत्री!

कोटेलनिकोवनं आधी हेल्मेटमध्ये पॅराशूट बसवायचा विचार केला. लहान बाहुली बनवली, तिच्या डोक्यावरच्या शिरस्त्राणात छोटं पॅराशूट घातलं आणि पतंगाला बांधून वर नेऊन सोडलं. बाहुली व्यवस्थित उतरली. पण माणसाला पेलणारी छत्री डोक्यावर मावेना. त्या काळच्या जाड कापडाचं गाठोडं पाठीवरसुद्धा अवजड झालं असतं. इथे एक किस्सा सांगतात. थिएटरमध्ये एका बाईनं आपल्या छोट्याशा हातपिशवीतून मुठीएवढी गुंडाळी काढली, झटकली, आणि बघता बघता तिची मोठी रेशमी शाल झाली. कोटेलनिकोवला कापड सापडलं! किस्सा तंतोतंत असाच घडला असेल की नाही माहीत नाही, पण ज्याच्या घरात आजीची जुनी रेशमी साडी आहे त्यानं ती एकदा मुठीत धरून पाहावी.

दहाएक महिन्यांत त्याचं पॅराशूट तयार झालं. नाव आरके-१, म्हणजे ‘रशियन, कोटेलनिकोव, पहिलं मॉडेल’. पाठीवर धातूची पेटी. पेटीच्या तळाशी स्प्रिंगा, त्यांच्यावर एक फळी, फळीवर आधी दोऱ्या आणि त्यांच्यावर रेशमी कापडाची घडी. वर झाकण. माणसानं कडी ओढली की झाकण उघडणार, स्प्रिंगा फळीला धक्का देणार आणि कापड बाहेर हवेच्या झोतात फेकलं जाणार. जत्रेतल्या डबीतून उडी मारणाऱ्या खेळण्यासारखंच की! मला तर यात नाटकवाल्याचा हात दिसतो. रंगमंचावर हवी ती वस्तू हव्या त्या क्षणी बाहेर यावीच लागते, तिथे रिटेक नसतो.

आणखी एक बारीक गोष्ट त्यानं केली. सगळ्या दोऱ्या एका ठिकाणी न बांधता त्यांचे दोन गट केले आणि ते दोन खांद्यांवरच्या पट्ट्यांना जोडले. त्यामुळे माणूस एका दोरीला टांगलेल्या पोत्यासारखा गरगर फिरत नाही, हात मोकळे राहतात, आणि दोऱ्या ओढून थोडंफार वळताही येतं. ही मांडणी आजही टिकून आहे.

आता पुढचा भाग वाचून आपल्याला राग येईल. ऑगस्ट १९११ मध्ये त्यानं युद्धमंत्री सुखोम्लिनोवकडे अर्ज केला, मदत मागितली. नकार. तज्ज्ञांचं म्हणणं पडलं, की छत्री उघडताना जो झटका बसेल त्यानं माणसाचे पायच तुटतील. त्याहून भारी कारण विमानदलाचा प्रमुख असलेल्या राजघराण्यातल्या एका बड्या माणसाच्या नावावर सांगितलं जातं. पॅराशूट हाताशी असलं तर वैमानिक जरा काही झालं की उडी मारतील आणि महागडं विमान वाया घालवतील, म्हणून पॅराशूट ही वाईट गोष्ट! हे फक्त रशियात होतं असं समजू नका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनीही आपल्या विमानांच्या वैमानिकांना पॅराशूट दिलं नाही.

कोटेलनिकोव बसून राहिला नाही. मार्च १९१२ मध्ये त्यानं फ्रान्समध्ये पेटंट मिळवलं. त्याच वर्षी जूनमध्ये चाचण्या घेतल्या. एका मोटारीला पॅराशूट बांधलं, मोटार पूर्ण वेगात सोडली आणि पट्टा ओढला. छत्री ताबडतोब फुगली आणि मोटारीचं इंजिन बंद पडलं. (लढाऊ विमानं आणि ड्रॅग रेसच्या गाड्या मागे पॅराशूट सोडून थांबतात, तीच आयडिया.) मग गात्चिनाजवळच्या सालुझी गावच्या छावणीत बलूनमधून सुमारे ८० किलोचा पुतळा खाली सोडला. पुतळा नीट उतरला, पायही शाबूत राहिले. तरी सरकार ढिम्म.

जानेवारी १९१३ मध्ये ‘लोमाच आणि कंपनी’ या खासगी फर्मनं पॅराशूट फ्रान्सला नेलं. तिथे रुआँ शहरात, सीन नदीच्या पुलावरून, पन्नास-साठ मीटरवरून एका माणसानं आरके-१ बांधून उडी मारली आणि सुखरूप उतरला. हा उडी मारणारा कोण होता? व्लादिमीर ओस्सोव्स्की, सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयाचा विद्यार्थी! नटानं बनवलेलं पॅराशूट आणि गाणंबजावणं शिकणाऱ्या पोरानं मारलेली उडी. आर्ट्सवाल्यांना हसताना यापुढे जरा विचार करा.

पन्नास-साठ मीटर म्हणजे किती वेळ? हवेचा विरोध सोडून द्या आणि बारावीचं सूत्र लावा, जेमतेम साडेतीन सेकंद. एवढ्यात झाकण उघडून, कापड बाहेर येऊन, दोऱ्या ताठ होऊन छत्री फुगली पाहिजे. घडी चुकली असती तर दुसरी संधी नव्हती.

महायुद्ध सुरू झाल्यावर ‘इल्या मुरोमेत्स’ या चार इंजिनांच्या अजस्र विमानांच्या तुकड्यांसाठी थोडी आरके-१ बनवली गेली, पण ती फारशी कामी आली नाहीत. क्रांती झाली, राज्य बदललं. कोटेलनिकोव मात्र आपल्या घडीतच गुंतलेला होता. त्याला आपल्याच डिझाइनमधल्या उणिवा दिसत होत्या. धातूची पेटी जड, आणि अरुंद कॉकपिटमध्ये अडचणीची. शिवाय दोऱ्या नुसत्या रचून ठेवल्या तर बाहेर येताना एकमेकींत अडकू शकतात.

१९२३-२४ मध्ये त्यानं पेटी काढून टाकून मऊ कापडी पाकीट केलं, आणि त्याच्या तळाशी मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे शिवले. प्रत्येक कप्प्यात दोरीची एक-एक वळी. ओढ बसली की एक वळी सुटते, मग पुढची, मग पुढची. गुंता व्हायला जागाच नाही. मला विचाराल तर त्याच्या कामातला हा भाग स्प्रिंगांच्या पेटीपेक्षाही मोठा आहे. स्प्रिंगा आता मुख्य पॅराशूटमधून बहुतेक गेल्या, पण दोऱ्या अशा वळ्यांनी अडकवून ठेवणं कायम आहे. आजच्या स्कायडायव्हरच्या बॅगेवर रबरबँड असतात, त्यात दोऱ्यांच्या वळ्या खोचतात.

या क्रमाचं महत्त्व इतकं का? कापड आधी बाहेर आलं आणि फुगायला लागलं, पण दोऱ्या अजून ढिल्या आहेत, तर त्या ताठ होताना माणसाला जबरदस्त हिसका बसतो. उलट आधी दोऱ्या ताणल्या जाऊन मग शेवटी कापड मोकळं झालं तर हिसका कमी. हल्लीच्या पंखासारख्या आयताकृती कॅनोपीत म्हणूनच कापड आधी वेगळ्या बॅगेत बंद असतं आणि दोऱ्या पूर्ण ताणल्यावरच बाहेर पडतं. त्यातही पॅकिंगच्या पद्धती दोन-तीन. फ्लॅट पॅकमध्ये कॅनोपी जमिनीवर आडवी पसरून थरावर थर रचतात. प्रो पॅकमध्ये दोऱ्या खांद्यावर घेऊन कॅनोपी समोर लोंबती ठेवतात, एकेक कप्पा बाहेर काढून दोऱ्या मधोमध आणतात, आणि मग ते हळूच खाली निजवून हवा दाबून काढतात. प्रो पॅकमध्ये कापड उघडताना जसं असेल तसंच बरंचसं मांडलेलं राहतं, म्हणून अनेकांची पसंती त्याला. कॅनोपी फार झटक्यानं उघडत असेल तर पुढची तोंडं थोडी गुंडाळून हवा हळू शिरेल असं करतात. पण कोणती पद्धत घ्यायची हे आपल्या मनावर नसतं, त्या कॅनोपीच्या कंपनीचं मॅन्युअल काय सांगतं ते पाहायचं. मी स्वतः उडी मारलेली नाही, मारेन की नाही सांगता येत नाही, पण मॅन्युअल नक्की वाचेन!

१९२६ मध्ये कोटेलनिकोवनं आपले सगळे शोध सोव्हिएत सरकारला देऊन टाकले. आणि मग काय झालं? २८ एप्रिल १९१९ ला अमेरिकेत लेस्ली आयर्विननं विमानातून उडी मारून, स्वतः दोरी ओढून पॅराशूट उघडून दाखवलं होतं. सोव्हिएत हवाई दलानं आपल्या घरच्या माणसाऐवजी आयर्विनचीच पॅराशूटं विकत घेतली, आणि २६ जुलै १९३० ला वोरोनेझजवळ त्यांच्या वैमानिकांनी पहिल्या उड्या मारल्या त्या अमेरिकन मालावर. आयर्विनचं पॅराशूट सरस होतं, यात वाद नाही. विमानातून उड्या मारून, त्यातल्या चुका सुधारून ते तयार झालं होतं. कोटेलनिकोवला तशी संधी वीस वर्षांत नीट कोणी दिलीच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा सत्तरीला टेकलेला कोटेलनिकोव शहरातच होता. वेढ्यातला हिवाळा काढून तो मॉस्कोला गेला आणि तिथेच २२ नोव्हेंबर १९४४ ला वारला. तोपर्यंत त्याच युद्धात कितीतरी देशांचे सैनिक पाठीवर घडी बांधून विमानांतून उतरले होते.

१९४९ मध्ये सालुझी गावाचं नाव बदलून कोटेलनिकोवो ठेवलं गेलं. मॉस्कोच्या नोवोदेविची स्मशानभूमीत त्याची कबर आहे. पॅराशूटवाले तिथे जातात आणि शेजारच्या झाडाच्या फांद्यांना, शुभशकुन म्हणून, पॅराशूटचं पाकीट बंद करायला वापरतात ती नाडी बांधून येतात.