सेनापती, चिकू आणि बबलगम

कॉटन मार्केटमधून आणलेला चिकू कच्चा निघाला, की सुरीला पांढरा चीक चिकटतो आणि घासूनही लवकर निघत नाही. बबलगमचं मूळ या चिकात आहे. तो न्यूयॉर्कच्या बाजूला नेला मेक्सिकोच्या एका पदच्युत सेनापतीने, अंतोनियो लोपेस दे सांता आना याने.

१७९४ साली जन्मलेला हा माणूस अनेकदा राष्ट्राध्यक्ष झाला. १८३६ मध्ये त्याने टेक्सास गमावला. १८३८ मध्ये फ्रेंचांशी लढताना पाय गेला. पुन्हा सत्ता मिळाल्यावर त्याने तो पाय लष्करी इतमामात पुरून घेतला! पुढे चिडलेल्या जमावाने तो उकरून काढला. इकडे तिसरे रघुजी भोसले वारले, त्या १८५३ साली तो शेवटचा सत्तेवर आला आणि दोन वर्षांत परागंदा झाला.

१८६०च्या दशकात तो स्टेटन आयलंडवर राहत होता. परतायला पैसा हवा होता. चिकूच्या झाडाचा चीक, म्हणजे चिकल, रबरात मिसळून गाड्यांच्या चाकांसाठी स्वस्त माल करावा, असा त्याचा बेत. थॉमस अ‍ॅडम्सने खूप प्रयोग केले, सगळे फसले. कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. रबर आणि चिकल, दोन्हींत पॉलिआयसोप्रीन असतं. पण चिकलमधल्या साखळ्या आखूड, त्यामुळे रबराची ताकद येत नाही. तोंडाच्या उबेने मात्र तो मऊ होतो. मेक्सिकोत लोक तो पिढ्यान्‌पिढ्या चघळत होतेच. अ‍ॅडम्सने त्याच्या गोळ्या केल्या आणि १८७१ मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं. सांता आनाच्या हाती काही लागलं नाही. १८७४ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८७६च्या जूनमध्ये गरिबीत वारला. तोवर दृष्टीही अधू झाली होती.

फुगा मात्र त्याने पाहिला नाही. बबल म्हणजे बुडबुडा, गम म्हणजे डिंक. हा दुसरा शब्द मूळचा इजिप्तचा, ग्रीक-लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलेला. फुगा टिकेल असा गम १९२८ मध्ये फिलाडेल्फियातल्या वॉल्टर डीमर या हिशेबनिसाने जमवला. हाताशी तेवढाच रंग होता, म्हणून तो गुलाबी झाला. आपला चिकू हा शब्दही चिकटवरून आलेला नाही बरं. झाडाबरोबर तो स्पॅनिश मुलखातून आला.

आता बहुतेक गममध्ये कृत्रिम पॉलिमर असतात. गिळलेला गम सात वर्षं पोटात राहतो, हे खोटं. तो पचत नाही, पण शौचावाटे निघून जातो. लहान मुलं वारंवार गिळत राहिली तर क्वचित आतडं तुंबतं. थुंकायचं कळत नाही, त्या वयात देऊ नये.