कमला सोहोनी : वाल, नीरा आणि स्नायूंची झीज

विरार सोडून गाडी सफाळे, केळवे रोड, पालघर ओलांडून बोईसरकडे जाऊ लागली की दोन्ही बाजूंना ताडाची आणि शिंदीची झाडे दिसू लागतात. भात निघालेल्या खाचरांत थंडीच्या दिवसांत वाल डोलत असतो. बोईसर-तारापूर हे नाव आता अणुऊर्जा केंद्रामुळे आणि कारखान्यांमुळे ओळखले जाते. तेथील झाडे आणि कडधान्ये मात्र फार जुनी. नेमक्या या दोन गोष्टींना, म्हणजे वालाला आणि नीरेला, प्रयोगशाळेत मानाचे स्थान देणाऱ्या संशोधक म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म 1911 चा. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, थोरली बहीण पुढे नामवंत झालेल्या लेखिका दुर्गा भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून 1933 मध्ये त्यांनी बंगळूरला अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला आणि प्रवेश मिळवला, पण एक वर्षाच्या परीक्षेच्या अपमानास्पद अटीवर. हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्यापलीकडचे त्यांचे काम त्याच्या सावलीत राहिले. तेथेच श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्या दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांकडे वळल्या.

पुढे केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांनी काम केले. बटाट्यात सायटोक्रोम-सी हे द्रव्य असल्याचे दाखवून 1939 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. योगायोग असा की, त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोनहायमर जड नायट्रोजनच्या साहाय्याने एक वेगळेच सत्य उलगडत होते. शरीरातील प्रथिने एकदा बांधून झाली की स्थिर राहतात, हा समज त्यांनी मोडीत काढला. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे 250 ते 300 ग्रॅम प्रथिने मोडतात आणि तेवढीच नव्याने घडतात, असे आज मानले जाते. आहारातून मिळणारी प्रथिने त्या मानाने फारच थोडी, साठ-सत्तर ग्रॅम. उरलेले काम मोडलेल्या मालाच्या पुनर्वापरावर भागते. स्नायू हे या देवघेवीचे मोठे कोठार.

स्वातंत्र्यानंतर कमलाबाई मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची फळी गोरगरिबांच्या अन्नामागे लागली. वालात ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो. तो त्यांच्या प्रयोगशाळेने 1950 च्या दशकात शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला. कच्चा वाल खाल्ला तर त्यातील प्रथिने पोटात जातात खरी, पण पुरती पचत नाहीत. भिजवणे, मोड आणणे, सोलणे आणि नीट शिजवणे हा बिरड्याचा खटाटोप या दृष्टीने अजिबात वाया जात नाही. उष्णतेने त्या घटकाचा जोर ओसरतो.

नीरेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. पहाटे झाडावरून उतरवलेला हा गोड रस ऊन चढू लागले की आंबतो आणि त्याची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात ती दिल्याने प्रकृतीत सुधारणा दिसली, आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरेत प्रथिने फारशी नसतात. मग दुबळ्या शरीराला तिचा उपयोग काय? त्यांनी तिच्यातील जीवनसत्त्वे आणि लोह यांकडे लक्ष वेधले होते. आजचे शरीरशास्त्र त्यात आणखी एक धागा जोडते. पोटाला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही की रक्तातील इन्सुलिन उतरते, कॉर्टिसॉल चढते आणि शरीर स्नायूतील प्रथिने मोडून त्यांची साखर करू लागते. अशा वेळी ताटात वाटीभर डाळ असली तरी तिचा बराचसा भाग सरपण म्हणून जळतो. पिष्टमय पदार्थ किंवा साखर मिळाली की इन्सुलिन वाढून ही मोड थांबते आणि डाळीतील प्रथिने बांधणीला उरतात. वाढीच्या वयात वृद्धी-संप्रेरक आणि लैंगिक संप्रेरके बांधणीचा वेग वाढवतात, पण विटाच नसतील तर गवंडी काय करणार!

याच पट्ट्याच्या डोंगराळ भागात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत, 1992 मध्ये बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. केवळ प्रथिनांची पावडर वाटून हा प्रश्न सुटत नाही; आधी भात-भाकरीने पोट भरावे लागते.

निवृत्तीनंतर कमलाबाई ग्राहक चळवळीत रमल्या. भेसळ ओळखण्याच्या सोप्या रीती त्यांनी गृहिणींपर्यंत नेल्या, मराठीत आहारावर लिहिले. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले. पालघर जिल्हा निर्माण व्हायला तेव्हा अजून सोळा वर्षे होती.